भिंतीपलीकडच्या गाजर गवतास

गाजर गवता,

पत्राच्या वर 'सप्रेम नमस्कार' घालायची रीत आहे. तुला मी प्रेमही पाठवत नाही आणि नमस्कारही नाही. बारा वर्षं तू माझ्या नाकात, डोळ्यांत आणि शेवटी छातीत शिरून बसलंस. न विचारता घरात घुसलेल्याला दारात उभं करून चार शब्द सुनवायचा हक्क घरच्या माणसाला असतो. तो मी आज बजावते आहे, आणि चारचौघांत बजावते आहे, कारण तू एकट्या माझ्या वाटेला गेलेलं नाहीस.

तुझा पत्ता शोधायला कुणाकडे जावं लागत नाही. रेल्वेच्या रुळांकडेला तू, कालव्याच्या काठावर तू, एन.ए. (बिगरशेती) करून चुन्याच्या रेघा मारून ठेवलेल्या प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर तू. आमच्या घराच्या भिंतीला लागून असाच एक प्लॉट आहे. मालक परगावी, फाटकाला गंजलेलं कुलूप, आणि आत कमरेइतकं उंच तू. पानं गाजरासारखी म्हणून गाजर गवत, पण तुझा गवताशीही संबंध नाही आणि गाजराशीही. तुझं कूळ सूर्यफुलाचं, शेवंतीचं. त्या घराण्यातून एवढंच घेतलंस की फुलं येतात. मीठ सांडावं तशी पांढरी, बारीक, पाच टोकांची. लांबून सुंदर दिसतात, हे खोटं बोलून मी नाकारणार नाही. एका पावसाळ्यात मीच ती काचेच्या पेल्यात ठेवून जेवणाच्या टेबलावर मांडली होती. तेव्हा मला तुझं नाव माहीत नव्हतं.

ऑगस्ट उजाडला की पहाटे अलार्मच्या आधी टाळूला खाज सुटायची. मग कानाच्या आत, जिथे बोट पोचत नाही तिथे. मग शिंका, एकीला लागून दुसरी, पंधरा, वीस. नाकातून पाण्यासारखं पाणी. डोळे इतके लाल की बसथांब्यावर एका ओळखीच्या बाईंनी हात धरून हळूच विचारलं, "घरी काही झालंय का गं?" मी नववीला मराठी शिकवते. नाक पूर्ण चोंदलं की अनुनासिकं जातात; 'मन' म्हणायला जावं तर 'बद' ऐकू येतं. त्या आवाजात कवितेचा तास घ्यायचा. मुलं कधी हसली नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण मागच्या बाकावरच्या मुलीने वहीत 'मन'च्या जागी खरंच दुसरा शब्द लिहिलेला मी पाहिला, त्या दिवशी स्टाफरूममध्ये जाऊन मी रडले. दिवाळी होईस्तोवर हे असंच. आणि वर सगळ्यांचं एकच वाक्य : "साधी सर्दीच तर आहे."

हे वाक्य तुझं सगळ्यात मोठं संरक्षण आहे. ताप येत नाही, माणूस अंथरूण धरत नाही, रक्ताच्या तपासणीत फारसं काही सापडत नाही. म्हणून कुणी तुझ्यापर्यंत पोचतच नाही. इंग्रजीत या दुखण्याला 'हे फीव्हर' म्हणतात, त्यात वाळल्या गवताचा दोष नाही आणि तापही नाही, नावच चुकलेलं. जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरने १८१९ मध्ये लंडनला हे दुखणं पहिल्यांदा नीट मांडलं, ते स्वतःच्याच नाकाडोळ्यांवरून. दरवर्षी जूनमध्ये त्याला हे व्हायचं आणि कारण सापडत नव्हतं. ते सापडायला आणखी अर्धं शतक गेलं. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने वेगवेगळ्या फुलांचे परागकण स्वतःच्या नाकात, डोळ्यांत, कातडीवर लावून पाहिले आणि १८७३ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की गुन्हेगार पराग आहे. ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी या शिंकांना खरं दुखणं मानलं होतं आणि त्यासाठी स्वतःला त्रास करून घेतला होता.

आमच्याकडे मात्र मी आठ वर्षं चुकीच्या दारांवर भटकले. ती सगळी वर्षं तुझ्या नावावर लिहिते.

पहिल्यांदा अँटिबायोटिक. दर ऑगस्टला पाच दिवसांचा कोर्स, जणू काही मला जंतुसंसर्ग झालाय. तुझा पराग म्हणजे जंतू नव्हे, त्यावर ते औषध काय करणार? मग सर्दीच्या जुन्या गोळ्या. त्यांनी नाक थांबायचं, पण डोकंही थांबायचं. सहामाहीचे पेपर तपासताना एकाच उत्तरपत्रिकेला दोनदा गुण दिल्याचं लक्षात आलं तेव्हा त्या बंद केल्या. मग मेडिकलमधून आणलेले नाक मोकळं करायचे थेंब. दोन मिनिटांत श्वास सुटायचा, इतका की मला वाटलं, सापडलं औषध. ते मी चार महिने घातले. असे थेंब तीन, फार तर पाच दिवसांच्या वर घालायचे नसतात. त्यानंतर नाकातलं अस्तर त्यांच्याच सवयीने सुजायला लागतं, आणि थेंब घातल्याशिवाय नाक उघडतच नाही. हे मला विकणाऱ्याने सांगितलं नाही, बाटलीवरच्या बारीक अक्षरांत होतं ते मी वाचलं नाही. ती सवय सोडवताना बसून काढलेल्या रात्री मला अजून आठवतात.

आणि ते इंजेक्शन. गणपतीच्या आधी एका दवाखान्यात घेतलं, दंडात नव्हे, कमरेत. दोन महिने एक शिंक नाही. पुढच्या वर्षी पुन्हा घेतलं. तिसऱ्या वर्षी विचारलं, यात असतं काय, तर उत्तर मिळालं, "ॲलर्जीचं आहे." ते साठून राहणारं स्टिरॉइड होतं. नाकापुरता प्रश्न सोडवायला सगळ्या शरीरात आठवडेच्या आठवडे स्टिरॉइड सोडायचं, साखर, हाडं, शरीराची स्वतःची संप्रेरकं यांना झळ लावायची, आणि तेही माणसाला न सांगता. याचा राग तुझ्यावर नाही, पण तू नसतंस तर मी त्या खाटेवर पालथी झाले नसते.

घरगुती उपायही झाले. वाफ घेतली, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण गरम पातेलं कलंडून शेजारच्या मुलाची मांडी भाजली ते पाहिल्यापासून मी कुणाला वाफेचा आग्रह करत नाही. हळदीचं दूध घशाला सुखावतं, म्हणून मी आजही पिते, पण त्याने शिंक थांबलेली मी पाहिली नाही. मध दोन वर्षं नेमाने खाल्ला. मधात येतो तो मधमाश्यांनी फुलांवरून आणलेला पराग, आणि तू त्रास देतंस तो वाऱ्यावर उडणारा. मधाने तू कसं शमणार?

चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरमधल्या एका रात्री छातीतून शीळ ऐकू आली. आधी वाटलं खिडकी वाजते आहे. मग कळलं, माझ्याच श्वासाचा आवाज. नाक आणि फुप्फुस ही दोन वेगळी घरं नाहीत, एकाच वाड्याची ओसरी आणि माजघर आहे. ओसरीवर वर्षानुवर्षं आग धुमसत राहिली तर ती आत जाते. नाकाची ॲलर्जी अंगावर काढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे दमा लागतो. 'साधी सर्दी' म्हणणाऱ्यांना मला ही शीळ ऐकवायची आहे.

त्या रात्रीमुळे मी ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडे गेले. गोळ्या आठवडाभर बंद ठेवायला लावल्या, कारण त्या चालू असताना चाचणी खोटं बोलते. मग हाताच्या आतल्या बाजूला पेनने खुणा, प्रत्येक खुणेवर एकेक थेंब आणि सुईची बारीक टोच. धुळीतले किडे, बुरशी, झुरळ, मांजर, निरनिराळे पराग. पंधरा-वीस मिनिटं हात हलवायचा नाही. एका खुणेवर डास चावावा तशी मोठी गांध उठली, कडेने लाल. मी विचारलं, "ही कशाची?" त्या म्हणाल्या, "गाजर गवत. घराजवळ आहे का?" इतक्या पावसाळ्यांतला तो पहिला प्रश्न होता जो कुणीतरी माझ्या नाकाऐवजी माझ्या भिंतीपलीकडे बघून विचारला.

तेव्हापासून मी तुझी माहिती काढायला लागले. तू इथलं नाहीस. मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा, वेस्ट इंडीजकडचा प्रदेश तुझं माहेर. भारतात तुझ्या पसरण्याची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ रोल्ला शेषगिरी राव यांनी १९५६ मध्ये छापली, आणि ती झाली आमच्याच पुण्यात. लोक म्हणतात तू पीएल ४८० या धान्य-करारातल्या अमेरिकन गव्हातून आलंस. पण तो करार त्याच १९५६ च्या ऑगस्टमधला. नोंद छापायची तर तू त्याआधीच इथे उगवून फुललेलं असणार. अमेरिकेचा गहू त्याच्याही आधीपासून येत होता, तेव्हा कुठल्या पोत्यातून उतरलंस ते तुझं तुलाच ठाऊक. 'काँग्रेस गवत' हे नाव कुणी तुझ्या पांढऱ्या टोपीसारख्या फुलांमुळे पडलं म्हणतात, कुणी अमेरिकन काँग्रेसमुळे. मला त्या वादात रस नाही. मला रस आहे तुझ्या आकड्यांत. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलतंस. एका चांगल्या वाढलेल्या रोपाला १५,००० ते २५,००० बिया, आणि एका रोपाच्या परागकणांचा शास्त्रज्ञांनी मांडलेला अंदाज साठ कोटींच्या वर. भिंतीपलीकडे अशी हजारभर रोपं होती. माझ्या नाकाने हरायचं ठरवलेलंच होतं.

आणि तुझं गणगोत मोठं आहे. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिला तिथे ऑगस्टच्या मध्यापासून पहिलं हिव पडेपर्यंत हाच त्रास, तिथल्या रॅगवीडचा. रॅगवीड तुझ्याच घराण्यातलं, आणि तुमचे पराग इतके सारखे की एकाची ॲलर्जी असलेल्या शरीराने दुसऱ्यालाही ओळखावं, हे १९९३ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवून दिलं. आम्ही दोघी बहिणी एकाच महिन्यात, पृथ्वीच्या दोन बाजूंना, फोनवर शिंकत असतो.

आता ऐक मी काय करते ते. हे तुला सांगण्यासाठी कमी आणि हे पत्र वाचणाऱ्या लाल डोळ्यांच्या माणसासाठी जास्त.

तू फुलायच्या दोन आठवडे आधी, म्हणजे जुलैच्या सुरुवातीला, माझा नाकातला स्टिरॉइड स्प्रे सुरू होतो. इंजेक्शनातलं स्टिरॉइड सगळ्या अंगात जातं. हा नाकाच्या अस्तरावर काम करतो, मात्रा अगदी सूक्ष्म. हा स्प्रे मला पूर्वीही एकदा लिहून दिला होता. तिसऱ्या दिवशी फरक नाही म्हणून मी तो फेकला होता. तो लगेच गुण देत नाही, पूर्ण असर यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि रोज घ्यावा लागतो, शिंक आली की नव्हे. हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर माझी सहा वर्षं वाचली असती. शिवाय मी तो चुकीचा मारत होते. मान मागे टाकून, सरळ वर, जोरात हुंगून. सगळं औषध घशात. आता मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात आणि डाव्या नाकपुडीला उजवा, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेर, कानाच्या दिशेने. हुंगायचं ते फुलाचा वास घेतल्यासारखं. पडद्यावर मारलं तर रक्त येतं, आणि रक्त आलं की माणूस घाबरून औषधच सोडतो.

त्याआधी नाक धुते. जलनेती आपल्याकडची जुनी गोष्ट आहे आणि ती खरंच उपयोगी आहे, कारण आत चिकटलेला तुझा पराग ती पाण्यासोबत बाहेर काढते. पाव लिटर पाण्यात अर्धा चमचा साधं मीठ. पाणी मात्र उकळून गार केलेलंच. नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नये; त्यातून मेंदूपर्यंत जाणारा अमीबा क्वचित शिरतो, आणि तो शिरला तर बहुतेक जीव घेऊनच थांबतो. आधी धुणं, मग स्प्रे. उलट केलं तर औषध मोरीत.

खाज आणि शिंका जास्त असतील त्या दिवशी नव्या पिढीची, कमी झोप आणणारी ॲलर्जीची गोळी. फेक्सोफेनाडीन घेत असाल तर ती पाण्याबरोबर घ्या, फळांच्या रसाबरोबर नको, रसाने ती अंगी कमी लागते. चोंदलेल्या नाकावर गोळीचा जोर कमी, तिथे स्प्रेच लागतो. आणि मॉन्टेल्युकास्ट मिसळलेली गोळी मेडिकलमधून मनाने आणून खाऊ नका. तिने काहींना अस्वस्थता, भयानक स्वप्नं, नैराश्य येतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. आमच्या शाळेतल्या एका बाई ती तीन वर्षं घेत होत्या आणि झोप का लागत नाही ते शोधत होत्या.

बाकी सगळं घरकाम आहे. त्या महिन्यांत चादरी आणि टॉवेल गच्चीवर वाळत नाहीत, आत पंख्याखाली वाळतात. शाळेतून आले की आधी केस धुऊन आंघोळ, मग उशी. पूर्वी आंघोळ सकाळी करायची. म्हणजे दिवसभराचा पराग रात्रभर उशीवर. भिंतीकडची खिडकी वारा असेल तेव्हा बंद. झाडणं नाही, ओल्या फडक्याने पुसणं. वाटेवर मास्क आणि चष्मा. छातीसाठी इनहेलर, डॉक्टरांनी सांगितला तसा. ॲलर्जीची लस घेण्याचाही मार्ग आहे. ज्याची ॲलर्जी त्याचाच अगदी थोडा अंश वाढवत वाढवत द्यायचा, १९११ पासूनची पद्धत. पण ती तीन वर्षं किंवा जास्त चालते आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. माझा निर्णय अजून व्हायचा आहे.

या सगळ्याने मी बरी झाले का? सत्तर-ऐंशी टक्के. कवितेच्या तासाला 'मन' पुन्हा 'मन' ऐकू येतं. तरीही मी हे पत्र लिहिते आहे, कारण माझ्या नाकावर उपाय करून तुझं काहीच बिघडलं नव्हतं. आणि तुझ्याशी माझा खरा हिशेब नाकाचा नाहीच. तो आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या हातांचा आहे.

त्या सकाळी आमच्याकडे भांडी घासतात आणि पावसाळ्यात एका ठेकेदाराकडे गवत उपटायच्या रोजंदारीवर जातात. नुसत्या हातांनी. तुझ्या अंगावरच्या लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, ते कातडीला लागून लागून शरीर त्याच्याशी वैर धरतं. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच हे लिहून ठेवलंय. मावशींची बोटं आधी खाजली, मग जाड, काळपट झाली, मग सांध्यांवर चिरली. नंतर पापण्या आणि मान. तिथे तर तुला हातही लागला नव्हता, वाऱ्यावरून आलंस. भांड्यांची पावडर त्या चिरांत जायची आणि त्या ओठ दाबून घासत राहायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "भांड्यांच्या पावडरीनं होतंय ताई." मला गोळी आहे, स्प्रे आहे, रजा आहे. त्यांना यातलं काही नव्हतं, आणि त्यांना तुझं नाव सांगायलाही कुणी नव्हतं. याची माफी तुला मिळणार नाही.

म्हणून आता तीन वर्षं आम्ही तुझ्या प्लॉटवर येतो. मालकाचा फोन शोधून परवानगी घेतली. पहिल्या वर्षी आमच्या तक्रारीवरून एक यंत्र आलं आणि सप्टेंबरात, तू ऐन फुलात असताना, तुला वरून छाटून गेलं. त्याने बिया प्लॉटभर फेकल्या गेल्या आणि पंधरा दिवसांत बुंध्यातून तू पुन्हा फुटलंस. आता कळलंय : पाऊस पडून माती मऊ झाली की, फुलं यायच्या आधी, मुळासकट. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकावर फडकं. ज्याला ॲलर्जी आहे त्याने उपटायचं नाही. मी फाटकाबाहेर उभी राहून पाणी आणि चहा बघते. उपटलेलं, न फुललेलं तू खड्ड्यात शेण-मातीचे थर देऊन कुजवलं की खत होतं. तुझ्यावर फवारलेलं मिठाचं दाट पाणी वाटेच्या कडेला चालतं, शेतात नाही, जमीन जाते. रिकाम्या झालेल्या जागी टाकळ्याचं बी टाकलं. टाकळा दाटला की तुला उगवायला जागा देत नाही, आणि कोवळा असताना त्याची भाजी होते. शिवाय तुझ्याच देशातून तुझा वैरी इथे आणलाय, मेक्सिकन भुंगेरा, १९८४ मध्ये बंगळुरूला पहिल्यांदा सोडलेला. तपकिरी रेघांचा, नखाएवढा. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या तुझी पानं चाळणीसारखी करतात, थंडीत जमिनीत झोपतो. मागच्या जुलैत तो आमच्या प्लॉटवर आपणहून आलेला दिसला. मुलांना त्याला मारू नका म्हणून सांगून ठेवलंय.

तुझं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, ते मला ठाऊक आहे. पहिल्यांदा उपटलं तेव्हा तीस पोती निघाली, मागच्या वर्षी अकरा. यंदा मृग बरसून आठवडा झाला आहे, प्लॉटवर तुझी पहिली रोपं बोटभर झालीत. येत्या रविवारी सकाळी सात वाजता सोसायटीतली नऊ माणसं येतील. मावशीही येणार म्हणतात, पैसे नकोत म्हणाल्या. पैसे आम्ही देणार आहोत, आणि त्या उपटणार नाहीत, कुठे काय उरलंय ते दाखवणार आहेत. त्यांच्या हातांच्या मापाचे रबरी मोजे काल आणून ठेवले, आतून सुती अस्तराचे, म्हणजे घामाने चिरा झोंबणार नाहीत. भांडी घासायलाही तेच.

भिंतीच्या अलीकडून,
तुझी शेजारीण